जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधील निस्सान कंपनीने ‘फेअरलेडी झेड’ ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार लोकांपुढे मांडली. हीच मोटार, अधिक मोठे इंजिन घेऊन, ‘डॅटसन २४०-झेड’ या नावाने अमेरिकेत गेली. अमेरिकेतील निस्सानच्या कारभाराची धुरा वाहणारे युताका कातायामा यांना ‘फेअरलेडी’ हे नाव तेथील ग्राहकाला रुचेल असे वाटेना. म्हणून इंजिनाच्या आकारावरून घेतलेला एक आकडा आणि एक अक्षर, एवढेच नाव त्यांनी ठेवले. किंमत ३,५२६ डॉलर. जॅग्वार किंवा पोर्शे यांच्या मोटारींपेक्षा ती पुष्कळच कमी होती. टोकियोजवळच्या हिरात्सुका येथील कारखान्यातून १९७८ पर्यंत या घराण्याच्या पाच लाखांहून अधिक मोटारी बाहेर पडल्या.

पूर्व आफ्रिकेच्या सफारी शर्यतीत १९७१ व १९७३ या दोन्ही वर्षी २४०-झेडने पहिला क्रमांक मिळविला. १९७३ चा विजेता शेखर मेहता हा युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा चालक होता. शर्यतीच्या अखेरीस त्याचे व निस्सानच्याच दुसऱ्या एका मोटारीच्या चालकाचे दंडगुण समसमान झाले होते, आणि अधिक अंतर निर्दोष कापल्याबद्दल निर्णय मेहतांच्या बाजूने लागला.

अशी मोटार आज पन्नाशी ओलांडून गेलेली असते. तरीही जपान, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत घरच्या गॅरेजमध्ये तिचा जीर्णोद्धार करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्याला कारणही आहे. हिच्यात संगणक नाही. इंधन मोजण्याचे काम कार्ब्युरेटर करतो आणि ठिणगीची वेळ एक लहानसा फिरता दांडा ठरवितो. मेट्रिक पान्यांचा एक संच, एक चांगला जॅक, चार घोड्या, वेल्डिंगचे लहान यंत्र आणि भरपूर चिकाटी एवढ्या भांडवलावर सामान्य माणूस ही मोटार संपूर्ण सुटी करून पुन्हा जोडू शकतो. परंतु जोडलेली मोटार रस्त्यावर धावणार असते, तिच्यात माणसे बसणार असतात आणि समोरून दुसरी माणसे येणार असतात. म्हणून कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हा प्रश्न येथे सोयीचा नसून सुरक्षिततेचा आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

भार कोण वाहतो?

जुन्या काळच्या मोटारीला खाली लोखंडी तुळयांचा एक स्वतंत्र सांगाडा असे व त्यावर पत्र्याची पेटी बसविलेली असे. २४०-झेडची रचना तशी नाही. हिच्या पत्र्याचे दाबून घडविलेले तुकडे शेकडो ठिपक्यांनी एकमेकांस वितळवून जोडलेले आहेत, आणि या जोडणीतून तयार झालेले कवच हाच तिचा सांगाडा होय. अंड्याचे टरफल पातळ असूनही आकारामुळे बळकट असते, तसाच हा प्रकार आहे. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ उंबरे, पुढील चाकांच्या स्प्रिंगा ज्यांत बसतात ते दोन उभे बुरूज, आणि तळाखालून जाणाऱ्या टोपीच्या आकाराच्या दोन पोकळ पट्ट्या, हे सर्व भाग भार वाटून घेतात. म्हणूनच ही मोटार एक हजार किलोग्रॅमहून थोडीच अधिक भरते.

या हलकेपणाची किंमत काय, ते गंज आल्यावर कळते. कवचातील पत्रा पुष्कळ ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. जाड तुळईला अर्धा मिलिमीटर गंज चढला तर तिला फारसे काही होत नाही. या पत्र्याचा मात्र निम्मा जीवच गेलेला असतो.

शिवाय गंज नेमका भार वाहणाऱ्या जागीच बसतो. समोरच्या काचेखाली हवा आत घेणारी एक पन्हळ आहे. तिच्यात पाने साचून पाणी जाण्याची भोके बुजली की पाणी आतल्या बाजूने तळावर उतरते. तळावर कारखान्यात आवाज कमी करण्यासाठी डांबरी थर चिकटविलेला असतो. त्याला एकदा तडे गेले की त्याखाली ओल महिनोन्‌महिने टिकते. बॅटरीखालचा पत्रा आम्लाच्या वाफेने खाल्ला जातो, आणि तो नेमका पुढील तुळईच्या माथ्यावर आहे. उंबऱ्यांची मागील टोके, पुढील मडगार्डांचे तळ, मागील जादा चाकाचा खड्डा या त्याच्या इतर आवडत्या जागा. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तिकडच्या मोटारींची दशा विशेष वाईट असते, आणि पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशातल्या मोटारींना म्हणूनच मागणी असते.

रंग चकचकीत आहे म्हणून मोटार धड आहे, असे समजणाऱ्याची येथे हमखास फसवणूक होते. गंजाचे भोक लांबीने बुजवून वरून रंग मारणे हा जगातील सर्व देशांत चालणारा उद्योग आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. लहानसा लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथे लांबीचा जाड थर असेल तेथे तो धरत नाही. मग खाली जाऊन बोथट पेचकसाने पोकळ पट्ट्या व उंबरे टोचून पाहावेत आणि हलक्या हातोडीने वाजवून ऐकावे. निरोगी पत्रा खणखणतो. सडलेला बद्द वाजतो.

गंजाचे रसायन

गंज म्हणजे नुसते ओले झालेले लोखंड नव्हे. ही एक विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. पाण्याच्या थेंबाखाली पत्र्याच्या एका बिंदूवर लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या बिंदूकडे जातात आणि तेथे हवेतील ऑक्सिजन व पाणी यांच्याशी संयोग पावतात. म्हणजे पत्र्याच्या अंगावर लक्षावधी सूक्ष्म बॅटऱ्या चालू असतात, आणि दर क्षणी थोडे लोखंड खर्ची पडते. शुद्ध पाणी विजेचे मंद वाहक असल्याने हा व्यवहार सावकाश चालतो; मीठ मिसळले की तो वेगाने होतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेला गंज त्यांना पाचरीसारखा फाकवितो. ॲल्युमिनियमवर येणारा ऑक्साइडचा थर घट्ट बसतो व आतील धातूचे रक्षण करतो. गंजाचा थर मात्र सच्छिद्र व भुसभुशीत असल्याने ओल आत जातच राहते.

यावरून उपायही कळतात. तीन गोष्टी एकत्र आल्या तरच गंज येतो: लोखंड, पाणी व ऑक्सिजन. रंग किंवा मेण यांनी पाणी व हवा अडविता येते. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देते, म्हणून जस्ताचा लेप दिल्यास आधी जस्त झिजते व लोखंड वाचते. फॉस्फोरिक आम्ल लावल्यास पृष्ठभागावरील गंजाचे लोह-फॉस्फेटमध्ये रूपांतर होते आणि त्यावर रंग धरतो. परंतु हा उपाय वरवरच्या गंजापुरता आहे. भोक पडलेल्या पत्र्याला कोणतेही रसायन पुन्हा लोखंड देत नाही.

लहान सुटे भाग गंजमुक्त करण्यासाठी हौशी लोक याच क्रियेची दिशा उलटवितात. प्लॅस्टिकच्या टाकीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन गंजलेला भाग बॅटरी-चार्जरच्या ऋण टोकाला व टाकाऊ लोखंडाचा एक तुकडा धन टोकाला जोडतात. रात्रभरात गंज सैल पडतो व ब्रशाने निघतो. येथे दोन सूचना अत्यावश्यक आहेत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातील क्रोमियमपासून अतिशय विषारी संयुगे पाण्यात उतरतात. आणि या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून काम उघड्यावर करावे व चार्जर बंद केल्याखेरीज चिमटे काढू नयेत. स्प्रिंगा व कठीण पोलादाचे बोल्ट या टाकीत घालू नयेत. हायड्रोजन त्यांच्यात शिरून त्यांना ठिसूळ करतो.

तळावरचा डांबरी थर खरवडून काढणे हे अत्यंत कंटाळवाणे काम आहे. त्यासाठी शोधलेली एक युक्ती शाळेतील विद्यार्थ्यांना आवडेल. त्या थरावर कोरडा बर्फ, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, पसरतात. त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. डांबर इतके ठिसूळ होते की हातोडीच्या हलक्या टोल्याने काचेसारखे तडकून सुटते. हा बर्फ द्रवरूप न होता सरळ वायुरूप होतो आणि तो वायू हवेहून जड असल्याने बंद गॅरेजच्या तळाशी साचतो. म्हणून दारे उघडी हवीत आणि हातात जाड मोजे हवेत.

पत्रा कापणे आणि जोडणे

सडलेला पत्रा चकचकीत धातू लागेपर्यंत कापून काढावा लागतो. मात्र कवच हाच सांगाडा असल्यामुळे तळ किंवा उंबरा कापला की मोटार वाकू शकते. म्हणून कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवावेत, चौकटीत लोखंडी नळ्या तात्पुरत्या बसवाव्यात आणि एका वेळी एकच बाजू हाती घ्यावी. हे न करता दोन्ही उंबरे एकदम कापल्यास नवे दार कितीही ओढले तरी लागत नाही.

वेल्डिंग करताना पातळ पत्र्याचा शत्रू उष्णता हाच आहे. पोलादाचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.०००००१२ नव्हे, तर ०.००००१२ आहे, हे एक शून्य विद्यार्थी नेहमी वाढवितात. एक मीटर लांबीचा सांधा सरासरी ५०० अंशांनी तापला तर तो सहा मिलिमीटर वाढू पाहतो. त्याला वाढायला जागा नसते, म्हणून तो फुगतो, आणि थंड होताना आक्रसून पत्र्याला सुरकुत्या पाडतो. यावर उपाय म्हणजे सलग सांधा न घालता एक टाका येथे, दुसरा हातभर दूर, असे ठिपके देत जाणे व प्रत्येक ठिपका निवू देणे. हे काम घाईच्या माणसाचे नव्हे. सांधा पूर्ण झाल्यावर बाहेरून रंग आणि आतल्या पोकळीत पातळ मेण फवारल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने आतील बाजूचा रंग जळून गेलेला असतो, आणि नवा गंज तेथूनच सुरू होतो.

येथे जिवावर बेतणाऱ्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पेट्रोलची टाकी काढून दूर नेल्याशिवाय मागील भागात वेल्डिंग करू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक भयंकर असते, कारण पेट पेट्रोलचा द्रव घेत नाही, त्याची हवेत मिसळलेली वाफ घेते. भाग पुसण्यासाठी मिळणाऱ्या काही द्रवांत क्लोरीनची संयुगे असतात. ती अंगावर राहिलेल्या भागाला वेल्डिंगची ज्योत लागल्यास फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून त्यांची धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. ती ओली करून पुसावी. आणि केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही जाऊ नये. घोड्या लावण्यास एक मिनिट लागते.

इंजिन

आता ज्या भागाचे सर्वांना आकर्षण असते त्याकडे वळू. २४०-झेडचे इंजिन एका रांगेतील सहा सिलिंडरांचे असून सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटर व पिस्टनचा पल्ला ७३.७ मिलिमीटर आहे. वाचकांनी कागदावर गणित करून पाहावे: ४.१५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५४.१ चौरस सेंटिमीटर, त्याला ७.३७ ने गुणले की एका सिलिंडरचे ३९९ घन सेंटिमीटर, आणि सहांचे मिळून २,३९३. हेच ते नावातील ‘२४०’, म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश लिटर.

वर्षानुवर्षे बंद पडलेले इंजिन पहिल्याच दिवशी स्टार्टरने फिरवू पाहणे हा अविचार होय. पिस्टनच्या कड्या गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर त्या तुटतात. ठिणगीचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सैल करणारे पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे, आणि मग पुढील मोठ्या बोल्टला पाना लावून हाताने मागेपुढे करावे. फिरू लागल्यावर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. येथे एकच आकडा मोठा असण्यापेक्षा सहाही आकडे जवळजवळ सारखे असण्याला महत्त्व आहे. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर गळती कड्यांतून होती, कारण ऑइलने ती फट बुजविली. वाढला नाही तर दोष बहुधा झडपांत किंवा गॅस्केटमध्ये आहे. इंजिन न उघडता निदान करण्याची ही पद्धत जितकी स्वस्त तितकीच खात्रीची आहे.

इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा व वरचे डोके ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. इंजिन एकदा अति तापले की डोके वाकण्याचा धोका असतो. म्हणून काढलेले डोके सपाट पट्टीखाली तपासावे आणि बसविताना बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, मोजत्या पान्याने आवळावेत. डोके काढणाऱ्यासाठी एक खास सूचना: वरच्या कॅमशाफ्टचे चक्र काढण्यापूर्वी साखळीच्या दोन्ही पदरांमध्ये लाकडी पाचर ठोकून ठेवावी. साखळी सैल पडली तर खाली तिला ताणून धरणारा लहानसा दट्ट्या बाहेर उडतो, आणि तो पुन्हा बसविण्यासाठी इंजिनाचे पुढील झाकण काढावे लागते. लाकडाच्या चार आण्यांच्या तुकड्याने दोन दिवसांचे काम वाचते.

झडपांच्या फटी थंड इंजिनात आत घेणाऱ्या झडपेस ०.२० व धूर बाहेर टाकणाऱ्या झडपेस ०.२५ मिलिमीटर ठेवतात. दुसरीला अधिक फट का, हे उघड आहे: ती अधिक तापते व अधिक वाढते.

मूळचे दोन कार्ब्युरेटर ब्रिटिश एस.यू. जातीच्या धर्तीवर हिताची कंपनीने बनविलेले आहेत. घुमटासारख्या टोपीखाली एक पिस्टन असतो. इंजिन जितकी अधिक हवा ओढील तितका तो वर चढतो, आणि त्याला जोडलेली निमुळती सुई तितके अधिक पेट्रोल येऊ देते. रचना फार सुंदर आहे, पण दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतील तरच सहा सिलिंडर एका सुरात चालतात. जुने फिटर रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा फुसफुस आवाज जुळवीत. १९७३ मध्ये अमेरिकेतील धुराच्या नियमांमुळे सपाट टोपीचे निराळे कार्ब्युरेटर आले. ते मालकांच्या पसंतीस उतरले नाहीत आणि पुष्कळांनी ते काढून आधीचे घुमटी कार्ब्युरेटर बसविले.

फेरबदल करावा का, आणि कोठून?

येथे हौशी लोकांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, मोटार कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे. दुसरा म्हणतो, ती चालविण्यासाठी आहे, म्हणून ती सुधारावी. पहिल्या पंथाला बाजाराचेही पाठबळ आहे: २०२० च्या जानेवारीत मूळ स्थितीत उत्तम राखलेली १९७१ सालची एक २४०-झेड लिलावात ३,१०,००० डॉलरना गेली. सामान्य, सडलेल्या मोटारीच्या बाबतीत मात्र दुसऱ्या पंथाचे म्हणणे रास्त वाटते. एक पथ्य दोघांनीही पाळावे: काढलेला मूळ भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा, आणि होता होईल तो मूळ पत्र्याला नवे भोक पाडू नये.

शक्तिवाढीचे मार्ग अनेक आहेत. याच घराण्यातील पुढच्या मोटारींचे २,७५३ घन सेंटिमीटरचे इंजिन जवळजवळ काहीही न बदलता त्याच जागी बसते. आकारमान १५ टक्क्यांनी वाढते. दोनऐवजी तीन जोड-नळ्यांचे वेबर किंवा मिकुनी कार्ब्युरेटर लावतात. काही जण अमेरिकन आठ सिलिंडरांचे इंजिनसुद्धा घालतात. परंतु इंजिनाने निर्माण केलेली शक्ती क्लच, गिअरपेटी, मागील डिफरन्शिअल, अर्धदांडे व चाके अशी कडीकडीने जाते. मूळ डिफरन्शिअलला ‘आर-१८०’ म्हणतात. त्यातील मोठ्या दातेरी कड्याचा व्यास १८० मिलिमीटर आहे म्हणून. शक्ती वाढविणारे लोक ‘आर-२००’ बसवितात, ते याच कारणाने. आणि या साखळीचे मूळ पुन्हा पत्र्यातच आहे: इंजिन जितका पीळ पुढे देते तितकीच प्रतिक्रिया कवचाला सोसावी लागते.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते ब्रेकांकडे. दोन माणसांसह मोटारीचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम धरू. ताशी १०० किलोमीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा सुमारे ४,६३,००० जूल असते. वेग १४० केला, म्हणजे केवळ चाळीस टक्के वाढविला, तर ती ९,०७,००० जूल होते, जवळजवळ दुप्पट. ही सारी ऊर्जा ब्रेकांना काही सेकंदांत उष्णतेत रूपांतरित करावयाची असते. ज्याने इंजिन मोठे केले व ब्रेक तेच ठेवले, त्याने मोटार वेगवान केली असे म्हणण्याऐवजी थांबेनाशी केली असे म्हणणे अधिक खरे. पुढील चाकांना टोयोटाच्या मालवाहू मोटारीचे चार पिस्टनांचे कॅलिपर बसविण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. तेथेही तारतम्य हवे. पुढचेच ब्रेक फार जोरकस केले तर पुढील चाके आधी जखडतात आणि सुकाणू फिरवूनही मोटार वळत नाही.

ब्रेकमधील द्रव हवेतील ओल शोषतो हेही लक्षात ठेवावे. ‘डॉट ३’ प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. उकळलेल्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते, आणि पायाखालचा ब्रेक फळीपर्यंत खाली जातो. नवे कॅलिपर विकत घेणाऱ्याने आधी जुना द्रव बदलावा व रबरी नळ्या टाकून द्याव्यात.

मोटार बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगेचा वेढा कापून टाकणे हा आणखी एक लोकप्रिय प्रकार आहे. स्प्रिंगेचा ताठपणा तिच्या मोकळ्या वेढ्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात असतो. आठांपैकी एक वेढा कापला तर ती सुमारे १४ टक्क्यांनी ताठ होते. पण मोटार खाली बसल्याने चाकाला वर जाण्यास उरलेले अंतर त्याहून अधिक घटते, आणि खड्ड्यात चाक रबरी अडसरावर आदळते. शिवाय सुकाणूचे दांडे तिरके होऊन चाक उसळताच दिशा थोडी बदलते. दिसण्यासाठी एवढे देणे महाग आहे.

याउलट एक अगदी साधा फेरबदल आम्हांला सर्वांत उपयुक्त वाटतो. या मोटारीत पुढील दिव्यांचा सगळा प्रवाह सुकाणूजवळच्या बटनातून जातो. दोन दिवे मिळून ११० वॉट धरले तरी १२ व्होल्टला तो नऊ अँपिअरहून अधिक होतो. पन्नास वर्षांच्या जुन्या स्पर्शबिंदूंत व फ्यूजच्या पेटीत रोध वाढलेला असतो. तेथे उष्णता होते, प्लॅस्टिक वितळते आणि दिवे मिणमिणतात. रिले बसविल्यास बटनातून केवळ लहानसा प्रवाह जातो व दिव्यांना बॅटरीतून जाड तारेने थेट पुरवठा होतो. खर्च थोडा, आणि रात्री रस्ता दिसतो.

कायद्याचे बंधन प्रत्येक देशात निराळे आहे. जपानात खाजगी मोटारीची दर दोन वर्षांनी कसून तपासणी होते आणि तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल मोटारीवर करही वाढतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये असा निर्णय दिला की निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल करता येत नाही. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते, पण त्याचे कवच व इंजिन मूळ स्वरूपात असले पाहिजे. आपल्याकडे जुन्या मोटारीवर हात चालविणाऱ्याने पान्याआधी हे नियम वाचावेत.

पहिली फेरी

नव्याने जोडलेले इंजिन चालू करण्यापूर्वी सर्व प्लग काढून ते स्टार्टरने फिरवावे, आणि ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत प्लग बसवू नयेत. कॅमशाफ्ट नवा असेल तर इंजिन सुरू होताच ते मंद चालू न देता मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर वीसेक मिनिटे चालवितात; मंद गतीत कॅमच्या उंचवट्यांवर ऑइल पुरेसे पोहोचत नाही व नवा पृष्ठभाग ओरखडतो. एक माणूस आत बसावा, दुसऱ्याने अग्निशामक घेऊन पेट्रोलच्या नळ्यांवर लक्ष ठेवावे.

पहिली फेरी घराच्या आसपास, सावकाश आणि मुख्यतः ब्रेकांच्या परीक्षेसाठी असावी. काही शे किलोमीटर झाल्यावर डोक्याचे बोल्ट व झडपांच्या फटी पुन्हा तपासाव्यात आणि ऑइल बदलावे. नंतर पहिला मोठा पाऊस झाला की काचेखालच्या पन्हळीत पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी खाली पडते की नाही हे पाहावे, आणि आतले गालिचे उचलून तळाच्या पत्र्यावरून हात फिरवावा.